वाढू का?

हार्डवेअरच्या दुकानात तिला सगळे काटा म्हणत. सुटे खिळे तिथे वजनावर विकले जात. ही डाव्या तळहातावर मूठभर खिळे घ्यायची, दोन काढायची, एक टाकायची आणि पुडी बांधून मोकळी व्हायची. तराजूवर घालून बघा, फरक सापडला तर शपथ! मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या काट्याला गंज चढत नाही."

पण हाच हात घरी ताटावर फिरू लागला आणि सगळी वाट लागली. भात तोल, पाव तोल, मग त्यातलंही कमी कर. एका दुपारी आईनं भाताचा चमचा उचलून नेहमीसारखं विचारलं, "वाढू का?" तर ही किंचाळली, "मला वाढायचंच नाहीये!" आणि ताट भिरकावलं भिंतीवर. दुसऱ्याच दिवशी दुकानात चक्कर येऊन पडली.

मग चार महिने उपचार केंद्र. तिथे डॉक्टर होते, मनातलं बोलतं करणाऱ्या एक ताई होत्या, पण काट्याची खरी जुंपली ती आहाराच्या बाईंशी. बाई रोज जेवणाआधी अर्धा तास शिकवायच्या. मेंदू आपल्या खाण्यातला केवढा मोठा वाटा एकटाच गिळंकृत करतो, उपाशी अंगाला थंडी का वाजते, दोन घासांतच पोट गच्च का वाटतं, सगळं. "भूक रुसलीय तुमच्यावर," त्या म्हणायच्या. "ती यायची वाट बघत बसू नका. वेळ झाली की जेवा, येईल ती मागून गुपचूप."

बाईंच्या स्वयंपाकघरात वजनकाटा नव्हता. प्रत्येकीनं शेजारणीला वाढायचं, हा नियम. आता तळहातातच तराजू असलेल्या पोरीला या नियमाचं काय! "ताट गरम आहे का बघते हं," म्हणत ही ते डाव्या हातावर उचलायची, जास्तीचं हळूच काढून टाकायची, आणि तिला हवं तेवढं बरोब्बर ताटात उरायचं. तीन आठवडे खपून गेलं. चौथ्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "काकडीचं ताटसुद्धा पोळतं का गं तुला?" अख्खं टेबल खो खो हसलं, आणि लाजत लाजत काटाही हसली.

"आजपासून डाव्या हाताला रजा," बाईंनी जाहीर केलं. "रुमाल धरून मांडीवर बसू दे त्याला."

पहिले काही दिवस तिला रडूच यायचं. पुढे हाताला रजेची सवय झाली. आणि एका सकाळी, नाश्त्याला तास असताना, पोटात चक्क गुडगुड झालं. काटा धावत बाईंकडे गेली. "बाई, आली! रुसवा गेला!"

आता राहिला रविवार. घरी, आईच्या हातचं जेवण. ते नीट पार पडलं तर सोमवारपासून घर आणि दुकान, नाहीतर आणखी सहा आठवडे इथेच, असं बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. आईलाही बोलावून बजावलं होतं, "तिच्या अंगाबद्दल, ताटाबद्दल अवाक्षर काढायचं नाही."

आईनं ते भलतंच मनावर घेतलं. रविवारी टेबलावर भात, सूप, लोणी लावलेले बटाटे होते. डावा हात रुमालासकट मांडीवर बसला. आई चमचा घेऊन उभी राहिली आणि अडखळली. "हे... टाकू का?" मग घाईनं, "नाही, म्हणजे... घालू? सोडू?"

काटा बघतच राहिली. आपल्या त्या एका किंचाळीनंतर आईनं तो शब्दच तोंडातून हद्दपार केला होता.

"टाकतेस काय, आई? मी काय मांजर आहे?" ती म्हणाली. "वाढ म्हण की. भूक लागलीय मला. वाढ."

आईनं इतक्या घाईनं चमचा भरला की निम्मा भात टेबलावर सांडला. काट्यानं रजेवरचा हात पुढे केला आणि आईचं मनगट धरलं. धरलं आणि दचकली. तो हात कधी चुकला नव्हता. आईचं मनगट खिळ्यांच्या पुडीएवढंही भरत नव्हतं.

"आई, तू जेवतेस ना गं?"

"एकटीसाठी कुठे रांधत बसू?" आई म्हणाली. "होतं काहीतरी चहाबरोबर."

"बस आधी."

"अगं, पण तुझं जेवण..."

"माझंही होणार आहे. बस म्हणते ना!" काट्यानं दुसरं ताट समोर मांडलं आणि आईच्या हातातला चमचा काढून घेतला. शेजारणीला वाढायचं, हा तर बाईंचाच नियम. "सांग, वाढू का?"

आईनं पदरानं डोळे पुसले. "वाढ," ती म्हणाली, "पण थोडंच हं."

"थोडं म्हणजे किती ते मला नको शिकवू," काटा म्हणाली, आणि न तोलता तिनं दोन चमचे भात वाढला.