पत्र्याचे कोपरे

हिरव्या बांगडीचा तुकडा. निळ्या समुद्राचा फोटो. मूठभर हळद. पायजम्याची नाडी.

मित्रांनो, या सगळ्यांच्या मधोमध मी आहे. उल्हासनगरच्या एका कारखान्यात जन्मलेली मी जुनी सुटकेस, चारही कोपऱ्यांना पत्रा मारलेली. अंबरनाथला जयदेव आणि द्रौपदी यांच्या पलंगाखाली मी राहायचे. लग्नं, बारशी, माहेरपणं मी वाहिली. "हिची एक शिवण उसवली नाही," असं कौतुकही ऐकलं.

१९९४ साली जयदेवच्या रंगाच्या दुकानाला कंपनीनं माल्टा बेटाची सहल दिली. जोडीनं जायचं आणि कुठल्या भागात राहायचं ते आपणच सांगायचं. माझ्या झाकणावर फोटो पसरले. एका किनाऱ्यावर बारची रांग. बाकीचे दुकानदार तिथंच उतरणार होते. दुसरीकडे खडकातली मिठागरं आणि लहानसं गाव.

"इथं राहू," द्रौपदी म्हणाली. "बाबांच्या भाईंदरच्या मिठागरासारखंच आहे. अन् तुमची पिणारी मंडळी नसेल."

पिऊन आला की जयदेव तिला मारायचा.

"विमानानं जाऊन मीठ बघायचं? तुझ्या बापानं जन्मभर तेच केलं."

कंपनीचा फोन घरी आला तेव्हा तो दुकानात होता. द्रौपदीनं मिठागराचं गाव सांगून टाकलं. कंपनीच्या माणसाकडून ते जयदेवच्या मित्रांना कळलं.

"काय जयदेवशेठ, वहिनींनी मिठाच्या कामाला लावलं म्हणे?"

तो पिऊन घरी आला. त्यानं मला दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्यावर घातलं. पुन्हा उचललं. माझा कोपरा तिच्या भुवईत रुतला. बांगड्या फुटल्या, माझी कडी तुटली. मित्रांनो, मला थांबता आलं नाही.

शेजारच्या कौसाबाई मुसळ घेऊन दारात उभ्या राहिल्या. "ठेव ती खाली, जयदेव. परत उचललीस तर तुझं डोकं फोडीन."

त्यांनी जखमेत हळद दाबली. "आता कुठं राहणार गं?"

"बदलापूर गावात. बाबा आता तिथं असतात, त्यांच्याकडं."

कडी लागेना, म्हणून तिनं मला नाडीनं बांधलं.

जयदेव नवी बॅग घेऊन एकटाच गेला, बारच्या किनाऱ्यावर राहिला. द्रौपदी परत अंबरनाथला गेली नाही. मी तिच्या माहेरच्या माळ्यावर आहे. पत्र्यावरचा डाग आता गंजासारखाच दिसतो.

मित्रांनो, आम्हांला जपा. माझ्यात कपडे भरा, खाऊ भरा. मला कुणाच्या अंगावर उचलू नका.

मला विकत घेताना द्रौपदीचे वडील दुकानदाराला म्हणाले होते, "पत्र्याच्या कोपऱ्यांची द्या. पोरीला जन्मभर पुरली पाहिजे."