वाटाण्याएवढी पेस्ट

माझा कॉम्प्युटर तापला की न सांगता बंद पडतो आणि मी तापले की बोलत सुटते. त्या सकाळी आम्ही दोघंही तापलो होतो. शाळेच्या अजून न बांधलेल्या इमारतीतून फिरवून आणणारी, कॉम्प्युटरवर बनवलेली चार मिनिटांची फिल्म संध्याकाळी सहाला आर्किटेक्टला द्यायची होती. नोकरी सोडल्यावरचं माझं पहिलं काम. ते हुकलं तर माझ्या जुन्या साहेबांकडे जाणार होतं, आणि "एकटीला झेपणार नाही तुला" हे त्यांचं बोलणं खरं ठरणार होतं. मी ते खरं ठरू देणार नव्हते.

प्रोसेसर थंड ठेवणारा नवा कुलर आणायला मी दुकान गाठलं. दुकानदाराने आधी रंगीत दिव्यांचा, पाण्यावर चालणारा कुलर पुढे केला.

"ताई, हा घ्या. बघत राहाल."

"मला बघायचं नाही, काम करायचंय. पंधरा सेंटिमीटरच्या आतला, एका पंख्याचा, या प्रोसेसरवर बसणारा दाखवा. आणि प्रोसेसर-कुलरच्या मधे लावायची साधी करडी पेस्ट."

प्रोसेसरचं नाव आणि कॅबिनेटचं माप मी कागदावर लिहूनच नेलं होतं. दिवे मुकाट्याने कपाटात गेले.

घरी पोचते तोच आर्किटेक्टचा फोन. मी बोलत होते तेवढ्यात बाबांनी कुलर बसवूनही टाकला. चाळीस वर्षं फरश्या बसवलेला माणूस. त्यांच्या हाताला कोण नावं ठेवणार? मी फिल्म तयार व्हायला लावली. वीस मिनिटांत तापमान शंभरावर गेलं आणि पडदा काळा झाला.

"बाबा, पेस्ट किती लावलीत?"

"सगळी. सिमेंटचा माल कमी पडला की फरशी पोकळ वाजते."

"आणि स्क्रू?"

"अर्धेच आवळलेत. उद्यापर्यंत सेट होऊ दे, मग आवळू. ओल्या मालावर कुणी भार टाकतं का?"

"अहो, हा माल नाही! हा सेट होत नसतो! केसाएवढी फट भरायची आणि गच्च दाबायचं, बस्स!"

बाबांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण माफी मागत बसायला वेळ नव्हता.

कुलर काढून सगळं स्पिरिटने पुसलं. ट्यूब रिकामी होती. कुलरच्या खोक्यात पेस्टची एक इवलीशी पुडी सापडली, म्हणजे संधी एकच. मधोमध वाटाण्याएवढा ठिपका ठेवला आणि कुलर सरळ खाली टेकवला.

"समोरासमोरचे कोपरे आवळ," बाबा बॅटरी धरून हळूच म्हणाले. "एकच बाजू दाबलीस तर दुसरी उचलेल."

ते अगदी बरोबर होतं. फिल्म पुन्हा लावली. तापमान बहात्तरवर थांबलं आणि तिथेच राहिलं. पावणेपाचला फिल्म तयार झाली. बाबांना दाखवली.

"थांब. मागे घे. दाराशी फरशीचे सांधे जुळत नाहीत."

"कुणाला दिसणार आहे?"

"मला दिसलं."

तेवढा तुकडा पुन्हा बनवायला चाळीस मिनिटं लागणार होती. मी दात-ओठ खात सांधे जुळवले, तुकडा परत लावला आणि सहाला सात मिनिटं असताना फिल्म पाठवली. आर्किटेक्टचं उत्तर आलं: "उत्तम. पुढची इमारतही तुम्हीच करा."

मग बाबांजवळ जाऊन बसले. "दुपारी ओरडायला नको होतं मी."

"का? काम चुकलं की ओरडायचंच," ते म्हणाले. "माझं तोंड कधी उघडलं नाही. मालक सांगेल तशी वाकडी फरशी बसवून गप्प घरी यायचो मी."