रिकाम्या गाडीत मोजलेली वेळ

डेपोत मला सगळे मिनिटबाई म्हणतात. म्हणोत बापडे. शहरातून धावणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ माझ्या टेबलावर ठरते, आणि त्या सोमवारची नवी गाडी तर माझ्याच डोक्यातून निघालेली होती. डोंगराखालचं आमचं गाव, मग विणकरांचं गाव, मग बाजाराचं, पुलाचं आणि तिथून थेट शहर. तोवर या गावांतल्या माणसाला शहरात यायचं तर फाट्यावर उतरून पाऊण तास ताटकळावं लागे. या एका गाडीसाठी मी दोन वर्षं साहेबांचं डोकं खाल्लं.

शेवटी साहेब म्हणाले, "ठीक आहे. सात वीसला सोडा, आठ पन्नासला इथे हजर. पण नऊला त्याच फलाटावर दुसरी गाडी लागते. पहिल्याच दिवशी दहा मिनिटांच्या वर उशीर झाला, तर तुमची गाडी फाट्यापर्यंतच."

मी लगेच हो म्हटलं. वेळ मी स्वतः मोजली होती, तीनदा, घड्याळ हातात धरून.

त्याच गाडीने माझी थोरली बहीण येणार होती. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी ताईला दोनदा चालून आली आणि दोनदा तिने ती नाकारली. साडेनऊला पोचायचं तर पहाटेच निघायला हवं, आणि बाबांना उठवून, खाऊपिऊ घालून, गोळ्या देऊन मगच तिला घर सोडता येतं. तिसऱ्यांदा ती हो म्हणाली ती माझ्या शब्दावर. आज तिचा पहिला दिवस होता.

रविवारी मी मुद्दाम गावच्या घरी मुक्काम केला. सकाळी आम्ही दोघी थांब्यावर गेलो तर तिथे माणसंच माणसं! आनंदाने मी डोळे पुसायला लागले. ताईने मला कोपराने ढोसलं. "अगं, रडतेस काय? चढ आधी, नाहीतर जागा जाईल."

सात वीसची गाडी सात तेवीसला सुटली. तीन मिनिटं काय, निघतील भरून, असं मी मनाशी म्हटलं. विणकरांच्या गावात तेवीस जण चढले आणि गाडी जागची हलेना. आमचे कंडक्टर म्हणजे जुनं खोड. प्रत्येकाच्या हातात तिकीट पडल्याशिवाय घंटी देणार नाहीत. त्यात एकाला पूल, दुसऱ्याला शहर, तिसऱ्याला बाजार. यंत्रावर दर वेळी गाव बदला आणि पुन्हा बटणं दाबा.

"अहो, चालत्या गाडीत द्या ना तिकिटं!" मी ओरडले.

"बाई, तुम्ही मिनिटं सांभाळा, मी तिकिटं सांभाळतो," कंडक्टर म्हणाले. "तीस वर्षांत माझ्या गाडीत विनातिकीट कोणी सापडलं नाही. आज सापडायचं नाही."

निघालो तेव्हा नऊ मिनिटं उशीर होता. अजून दोन गावं बाकी होती. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी वेळ मोजली ती रिकाम्या गाडीत. मी, ड्रायव्हरकाका आणि पाण्याची बाटली. थांब्यावर गाडी थांबवायची, दहा आकडे मोजायचे आणि पुढे. कपाळावर हात मारून घेतला मी. ताईला सगळं सांगून टाकलं, साहेबांची अटही: दहा मिनिटांच्या वर गेलो तर ही गाडी जाईल आणि तिच्याबरोबर तुझी नोकरीही.

ताई माझ्यावर डाफरली नाही. तिने कंडक्टरना विचारलं, "काका, एका गावची दहा तिकिटं एकदम काढली तर?"

"मग काय, चुटकीसरशी."

ताईने फोन काढला. बाजाराच्या गावात तिची मैत्रीण शाळेत शिकवते, तीही याच गाडीने येणार होती. "ऐक, तिथल्या सगळ्यांना गावाप्रमाणे रांगेत उभं कर. पूलवाले वेगळे, शहरवाले वेगळे. प्रत्येक रांगेतल्या एकानेच आधी पैसे गोळा करून सगळ्यांची तिकिटं मागायची. आणि पुलाच्या गावात तुझं कोण आहे? त्यांनाही कळव."

बाजाराच्या थांब्यावर मैत्रीण शाळेतल्यासारखी हात वर करून उभी होती. "शहराची चौदा! पुलाची चार!" कंडक्टरनी दोनदा बटणं दाबली आणि घंटी दिली. मिनिटभरात! अख्खी गाडी ओरडली. पुलाच्या गावात तर रांगेतला पहिला माणूस दार उघडायच्या आत बोलला, "शहराची सोळा!" तिथेही एकच मिनिट गेलं. बसायला जागा नव्हती, उभं राहायलाही नव्हती, आणि अनोळखी माणसं एकमेकांना वेळ विचारत होती. पुढच्या सरळ रस्त्यावर ड्रायव्हरकाकांनी नियमात राहून तीन मिनिटं परत मिळवली.

आठ अठ्ठावन्न. आमची गाडी फलाटाला लागली. साहेब घड्याळाकडे बघत उभे होते.

"आठ मिनिटं उशीर," साहेब म्हणाले. "चूक कोणाची?"

"माझी. मी वेळ रिकाम्या गाडीत मोजली."

दारातून माणसं उतरतच होती. साहेब ती बघत राहिले, मग माझ्याकडे वळले. "दोन वर्षं माझ्याशी भांडलात आणि इतकी माणसं येतील असं तुम्हालाच वाटलं नव्हतं?"

खरंच वाटलं नव्हतं.

"गाडी राहू दे," ते म्हणाले. "वेळापत्रक मात्र नीट करा. उद्या पुन्हा मोजा. भरलेल्या गाडीत."

मी ताईला सांगायला धावले. ती फाटकापाशी पोचलीही होती. आजवर ताई शहरात आली की माझ्या दारात पाऊल टाकता टाकता विचारायची, परतीची शेवटची गाडी किती वाजता? चहासुद्धा घड्याळाकडे बघत प्यायची.

"ताई, गाडी राहिली!" मी ओरडले.

तिने वळून हात हलवला, हसली आणि रस्ता ओलांडून दवाखान्याकडे निघाली. परतीच्या गाडीची वेळ तिने विचारलीच नाही.