हंड्यावरचा हात

रविवारची दुपार. अंगणात तिवईला टांगलेल्या हंड्यात गुलाश, मांसाचा तिखट रस्सा, रटरटत होता. ढवळायला धाकट्या भावाला, बेनेदेकला, उभं केलं होतं. मी पाठमोरी बसून मिरच्या चिरत होते.

"ताई, काहीतरी करपतंय."

"मग ढवळ की, मेल्या! भरदुपारीच ढोसलीस का?"

"गुलाश नाही गं. कुणाचा तरी हात भाजतोय. बिचारा!"

मी वळून पाहिलं. त्याचा डावा तळवा तापल्या हंड्याला चिकटला होता आणि तो तिकडे शांतपणे बघत होता. मी धावले, त्याला खेचलं. कातडी हंड्यावरच राहिली. तो ओरडला नाही, ओरडले मीच.

डोळे सताड उघडे, बुबुळं डावी-उजवीकडे हलणारी. मी घोड्यांची डॉक्टर. असे डोळे मी रोज बघते. भुलीचं इंजेक्शन दिलं की घोडा असाच बघतो, आणि मी खुशाल सुरी चालवते. पण घोड्याला किती द्यायचं ते मला माहीत असतं. यानं किती घेतलं होतं? रुग्णवाहिका येईपर्यंत मी त्याच्या नाकाशी कान लावून बसले. प्रत्येक श्वासानंतर वाटे, हा शेवटचा.

माझी औषधांची बॅग गाडीत उघडीच होती. घरातलं कोण हात लावणार, म्हणून मी कधी कुलूपच घातलं नव्हतं.

त्याची दोन बोटं गेली. तिसऱ्या दिवशी मी कामावरून थेट दवाखान्यात गेले, चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून.

"खरं सांगू, ताई? काहीच दुखलं नाही," तो हसून म्हणाला, आणि त्याची नजर माझ्या खांद्यावरच्या बॅगेवर जाऊन थांबली.