खाणीतला पूल

दादा एरवी बेल एकदाच वाजवतो आणि दार उघडेपर्यंत शहाण्यासारखा उभा राहतो. त्या रविवारी दुपारी त्याने बेलवरून बोट काढलंच नाही.

"भिंगरे, तो गेम अजून आहे ना तुझ्याकडे? खाणीतला?"

भिंगरी म्हणजे मी. पायाला भिंगरी लागलेली, म्हणून लहानपणीच पडलेलं नाव. गेम होता. माळ्यावर चढून मी खोकं काढलं आणि येता येता चहाही टाकला. दादाने कप दोन्ही हातांनी धरला. मी ते बघितलं आणि मी बघितलं हे त्याने बघितलं.

"उजवा हात कधी कधी ऐकत नाही," तो म्हणाला. "बरेच दिवस झाले. तुझ्या वहिनीला बोलू नकोस. उद्या एका मुलीची अक्कलदाढ काढायचीय. आडवी वाढलीय, नसेला अगदी खेटून. म्हटलं, आधी हात तपासून बघावा."

"मग डॉक्टरकडे जा ना!"

"मीच डॉक्टर आहे."

"दातांचा!"

"शाळेत असताना तो पूल मी डोळे मिटून पार करायचो. आज जमला तर उद्या दाढ काढतो. नाही जमला, तर बघू."

असा संताप आला मला! इतकी वर्षं लोकांच्या तोंडात हत्यारं घालणारा माणूस, आणि स्वतःची तपासणी करायला धाकट्या बहिणीच्या टीव्हीपुढे येऊन बसतो. खरं तर मी घाबरले होते, पण मला घाबरताना आरडाओरडा करायची सवय आहे.

गेम साधा. एकट्यानेही खेळता येतो, पण खरी मजा जोडीने. दोन खाणकामगार, दोघांच्या कमरेला एकच दोरी. पुलाच्या फळ्या पाय पडला की निखळतात, त्यामुळे धावत जाऊन शेवटच्या फळीवरून नेमकी उडी मारायची. पुढचा पडला तर मागच्याने जागेवर उभं राहून बटण दाबून धरायचं, म्हणजे पुढचा दोरीला लटकून राहतो. मला जागेवर उभं राहणं कधी जमलंच नाही. कधी चुकून दादा पडला की माझा माणूस सैरावैरा धावायचा आणि दोघं मिळून खाली जायचो.

गेम लावला आणि मला कसंसंच झालं. आठवणीतली ती खोल, काळीकुट्ट खाण म्हणजे तपकिरी चौकोनांची रांग होती. सुरुवातीची धून वाजली तेव्हा मात्र माझ्या अंगावर काटा आला. दादाचा माणूस धावला, शेवटच्या फळीवर पोचला आणि पडला. परत धावला, परत पडला. माझाही पडला.

"गेमच भिकार आहे," दादा म्हणाला. "आपण पोरं होतो म्हणून आवडायचा."

"गेमला नावं ठेवायची नाहीत हं."

मी डबिंगच्या स्टुडिओत काम करते. पडद्यावरच्या ओठांना दुसऱ्याचा आवाज जुळवायचा, एवढंच दिवसभर. त्यामुळे जे इतरांना जाणवत नाही ते मला खुपतं. बटण 'टक' वाजत होतं आणि उडी त्यानंतर, जराशी मागून येत होती.

"दादा, टीव्ही उशीर करतोय! हे नवे टीव्ही जुन्या गेमचं चित्र आधी घोटत बसतात, मग दाखवतात."

"नाचता येईना अंगण वाकडं."

"अरे, अंगण खरंच वाकडं आहे!"

दादाचा चेहरा एकदम खुलला. "म्हणजे हात ठीक आहे," म्हणत तो उठलाच. एक बूट घालूनही झाला.

तिथेच गप्प बसले असते तर मला भिंगरी हे नाव कुणी दिलं असतं? "थांब," मी म्हटलं. "समोर आमच्या स्टुडिओत जुना खोका टीव्ही पडलाय. तो आणते."

"कशाला? कळलं ना आता."

"उद्या ती मुलगी तुझ्यापुढे तोंड उघडून बसणार आहे, दादा."

तो एक बूट घालून तसाच सोफ्यावर बसला.

मी आणि स्टुडिओचा रखवालदार, दोघांनी मिळून ते धूड लिफ्टमधून वर आणलं. सुरू केल्यावर ते गुणगुणायला लागलं. आणि खाण पुन्हा खाण झाली! रंग एकमेकांत विरघळले, चौकोन गेले, कंदिलाचा उजेड भिंतींवर पसरला. 'टक', आणि त्याच क्षणी उडी. माझा माणूस पहिल्याच फेरीत पलीकडे.

"बघ! भिकार म्हणत होतास!" मी आनंदाने ओरडले. आपण काय तपासतोय, हेच क्षणभर विसरले.

मग दादाची पाळी. त्याचा अंगठा बटणाशेजारी थरथरला, चुकला, उशिरा पडला. माणूस खाली. परत खाली.

"गेम चांगलाच आहे गं," दादा म्हणाला.

तो टीव्ही उचलून खिडकीबाहेर फेकावा असं वाटलं. वायर सैल आहे म्हणावं, बटण झिजलंय म्हणावं, काहीही म्हणावं. पण अंगण सरळ निघालं होतं आणि ते मीच घरी आणून अंथरलं होतं.

"एकदा जोडीने," तो म्हणाला.

तो पुढे, मी मागे. शेवटच्या फळीवरून तो पडला. या वेळी मी हलले नाही. बटण दाबून धरलं. त्याचा माणूस दोरीला लटकून राहिला.

दादाने गेमचा रिमोट खाली ठेवला आणि डाव्या हाताने फोन काढला. दवाखान्यातल्या बाईंना म्हणाला, "उद्याची अक्कलदाढ माझ्या सरांकडे पाठवा. नाही, पुढे नाही ढकलायची, त्यांच्याकडेच द्या. आणि मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घ्या. हो. माझ्यासाठीच."

माझ्या नाकाला खाज सुटली होती, पायाला मुंग्या आल्या होत्या. फोन ठेवून तो पडद्याकडे बघत राहिला.

"अजून धरलंयस?"

"आता वहिनीला लाव," मी म्हटलं. "मी कुठे जात नाही."