बिरामचा पाय आणि माझा विस्तव

मी एक जुना लायटर आहे. जोआल या कोळ्यांच्या गावी किनाऱ्यावर सादिओच्या दुकानाची खिडकी आहे, तिला मासेमारीच्या दोरीने मी टांगलेला. गॅस संपला की फेकून द्यायचा, एवढ्याचसाठी खरं तर माझा जन्म झाला. पण सादिओ भारी चिकट, त्याने मला तीनदा गॅस भरून आणला. सुटी सिगारेट घ्यायची, मला ओढून पेटवायची आणि सोडून द्यायचं, अशी इथली रीत. वाऱ्यातही पेटतो म्हणून सगळे मला वाखाणत. मित्रांनो, तेव्हा मी फार फुशारलो होतो.

माझं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे बिराम, होड्या बांधणारा सुतार. त्याने पाकीट घेणं सोडलं होतं. "एकेक घेतो, म्हणजे आपोआप कमी होते," असं तो बायकोला सांगे. दिवसातून पंधरा वेळा मला ओढायचा, आणि तरी त्याला ते खरं वाटायचं.

मग त्याच्या पायाचं बोट काळं पडलं. न्गोने ही त्याची बायको. ती त्याला राजधानीत, डाकारला, डॉक्टरांना दाखवून आली ती थेट खिडकीशीच आली.

"सादिओ, डॉक्टर म्हणाले, दिवसाला एक ओढली तरी पाय कापावा लागेल. हात जोडते, त्याला देऊ नकोस."

"अगं, मी नाही दिली तर पुढच्या दुकानात जाईल," सादिओ म्हणाला. "नुसतं नाही म्हणून भागायचं नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी बिराम आला. आमच्याकडे दुपारच्या चहाच्या बैठकीत एकामागोमाग तीन प्याले होतात आणि दुसऱ्या प्याल्यावर त्याची सिगारेट ठरलेली. आज तो लंगडत होता. ओठांत कुणाकडून तरी मागून घेतलेली सिगारेट होती. त्याने मला ओढलं. मला पेटायचं नव्हतं, मित्रांनो! पण अंगठा फिरला की पेटायचं, एवढंच मला येतं. पहिल्यांदा नुसती ठिणगी उडाली. दुसऱ्यांदा ज्योत आली आणि सिगारेट तिच्याकडे झुकली.

सादिओने आतून दोरी खेचली. मी चौकटीवर आपटलो.

"गुलामा! मालकाला न विचारता विस्तव घेतोस?"

बिराम सेरेर, सादिओ गुरं राखणाऱ्या फुलानींतला. या दोन जमातींत पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं आहे. एकमेकांना गुलाम म्हणायचं, आणि जो रागावेल त्याची लाज जाते. पण बिरामची मूठ वळली होती. आता हा मारतो, असंच मला वाटलं.

"मालक कोण रे, गुराख्या?" तो कसाबसा म्हणाला. "तुझ्या आजोबाला माझ्या आजोबाने एका सुक्या माशाच्या बदल्यात घेतलं होतं!"

"म्हणून तर तुझा पाय वाचवतोय. टाक ती! हे दातण चाव आणि हे शेंगदाणे निवड. पाटी भरेपर्यंत हलायचं नाही."

बिरामने सिगारेट चुरगळली. निवडताना त्याला दरदरून घाम फुटला होता. अर्धी पाटी झाली तेव्हा कुठे तो ओसरला.

त्यानंतर तल्लफ आली की तो खिडकीशी येई, शिव्या खाई, दातण चावी आणि काहीबाही निवडत बसे. चहाच्या बैठकीला जाणंही त्याने सोडलं. बाराव्या दिवशी मात्र धक्क्यावर एक ओढली आणि रडत आला.

"संपलं सगळं, सादिओ."

"एक ओढलीस ना? दुसरी ओढू नकोस. आत्तापासून पुन्हा दिवस मोज, गुलामा."

न्गोनेला त्या काळ्या बोटाकडे बघवत नव्हतं. शेवटी ते बोट कापावंच लागलं. पाय मात्र राहिला.

आता माझा गॅस संपलाय आणि सादिओ मुद्दाम भरत नाही. गिऱ्हाइकं मला शिव्या देतात. इतर जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणतो, मला जपू नका. तुमच्या घरात कुणी सिगारेट सोडत असेल तर त्याला जपा. त्याच्यावर चिडू नका, त्याच्या हाताला काम द्या आणि तल्लफ ओसरेपर्यंत जवळ बसा.

काल बिराम नवी होडी पाण्यात लोटत होता, दोन्ही पाय वाळूत रोवून. ते मी पाहिलं. आता मला कुणी खुशाल फेकून द्यावं.