सासू-सून पोकर, थेट तेलीबांध्याहून

यामिनीला स्कूटर हवी होती आणि तिच्या आणि स्कूटरच्या मधे आता फक्त तिची सासू उरली होती.

यामिनीचं ऑफिस नव्या रायपुरात. तिथला रस्ता विमान उतरेल एवढा रुंद, आणि त्यावरून बस जायची ती कुणी शपथ घातल्यासारखी, क्वचित. आजवर शेजारचे भार्गवकाका तिला आपल्या गाडीतून न्यायचे आणि भाड्यापोटी रोज आपल्या मूतखड्याची हकीकत ऐकवायचे. आता काकांची बदली झाली होती. सोमवारपासून काका कोरब्याला, खड्यासकट. नवऱ्याची, म्हणजे नीलची, मोटरसायकल होती. पण त्याचं कापडाचं दुकान पंडरीत, बरोब्बर उलट्या दिशेला.

अशात गावातल्या एका केबल चॅनेलनं सासू-सुनांची पोकर स्पर्धा काढली. पैसे नाहीत, नुसत्या प्लास्टिकच्या चकत्या. शेवटी जिच्याकडे सगळ्या चकत्या, तिची स्कूटर. ती नारिंगी स्कूटर तेलीबांधा तळ्याकाठच्या स्टुडिओत, गळ्यात हार घालून स्टेजवरच उभी होती, नवरदेवासारखी.

बाकीच्या सासू-सुना खेळता खेळता भांडल्या आणि भांडता भांडता हरल्या. रविवारी दुपारी टेबलाशी उरल्या यामिनी आणि तिची सासू, सरोजिनीबाई. यात नवल नव्हतं. सरोजिनीबाईंचा चेहरा लग्नाच्या अल्बमपासून आजवर एकाच भावावर थांबलेला होता, आणि यामिनीला पत्ते त्यांनीच शिकवले होते, मेंढीकोट खेळून. फक्त मेंढीकोटात समोर बसते ती आपली भिडू असते. इथे समोरचीला संपवायचं होतं, आणि ते सरोजिनीबाईंना काही केल्या पटत नव्हतं.

डायरेक्टर इंद्रजीत मात्र खूश होता. एकाच घरातल्या दोघी, तेही थेट प्रक्षेपणात. त्यानं आधीच येऊन विचारलं होतं, "माताजी, बहू की सब्जी के बारे में कुछ बोल देना."

"तिची भाजी बरी नसते," सरोजिनीबाई म्हणाल्या होत्या. "पण ते मी तिले सांगते. तुम्हाले काहून सांगू?"

खेळ सोपा होता. प्रत्येकीकडे दोन झाकलेले पत्ते, मधे पाच पत्ते एकेक करून उघडायचे. आपले आणि मधले पत्ते मिळून जिची जोडी मोठी ती जिंकली. टेबलाला काचेची खिडकी आणि खाली कॅमेरा, म्हणजे झाकलेले पत्ते अख्ख्या रायपूरला दिसणार, फक्त समोरचीला नाही. शिवाय दोघींच्या कानात बारीक स्पीकर बसवला होता, सूचनांसाठी.

मधले चार पत्ते उघडले. राजा, राणी, पंजी, तिर्री. यामिनीच्या हातात सत्तीची जोडी. तेवढ्यात कानात इंद्रजीत बोलला, "भाभीजी, माताजी के पास कुछ नहीं है. सब लगा दो. और बोलो, घर में भी ये मुझे ऐसे ही लूटती हैं."

म्हणजे झालंच होतं. चकत्या ढकलायच्या, एक वाक्य बोलायचं, आणि सोमवारी आपल्या स्कूटरवरून ऑफिस. यामिनीनं समोर पाहिलं. सरोजिनीबाई त्या काहीच-नसलेल्या पत्त्यांमागे ताठ बसल्या होत्या, जणू हातात चारही एक्के आहेत. आणि त्यांच्या पत्त्यांत कुणीतरी खालून डोकावून चुगली करत होतं. त्यांच्या घरात यासाठी नीलला एकदा उपाशी झोपवलं होतं.

यामिनीनं कानातला स्पीकर काढून टेबलावर ठेवला आणि बातम्या सांगाव्या तशा आवाजात सांगितलं, "इंद्रजीत भैया म्हणताहेत, आई, तुमच्याकडे काही नाही. आणि तुम्ही मला घरी लुटता."

सरोजिनीबाईंनी डोळ्याची पापणी हलवली नाही. "मले बी तो मघापासून बोलून राहिला. म्हणे, रडा. मी म्हटलं, मले सर्दी नाही झाली." त्यांनीही आपला स्पीकर काढला. मग जरा विचार केला. "घरी बसलेल्या लोकांले दिसून राहिलं, त्याले दिसून राहिलं. मंग आपल्या दोघींपासूनच काहून लपवायचं?"

आणि त्यांनी पत्ते उलटे केले. नव्वी आणि दुर्री. यामिनीनंही आपले उघडले.

"सत्तीची जोडी. बरी हाय," म्हणत सरोजिनीबाईंनी आपल्या सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या.

"आई, तुमच्याकडे खरंच काही नाहीये."

"दिसते मले."

"मग टाका ना पत्ते."

"त्यानं चोरून पाहिलं म्हणून टाकू? नाही टाकत."

यामिनीनंही सगळ्या चकत्या ढकलल्या. पत्ते वाटणाऱ्या श्रावणीनं शेवटचा पत्ता उघडला. नव्वी. प्रेक्षकांत बसलेला नील टाळ्या वाजवत उठला, बायको हरल्याचं लक्षात येऊन बसला, आई जिंकली म्हणून परत उठला.

इंद्रजीत स्टेजवर धावत आला. पत्ते दाखवल्यामुळे खेळ रद्द, म्हणाला. स्कूटर पुढच्या रविवारी.

सरोजिनीबाई शांतपणे स्कूटरजवळ गेल्या, हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला आणि मागच्या सीटवर बसल्या. "ये, यामिनी." यामिनी पुढे बसली आणि तिनं हँडल घट्ट धरलं.

"माताजी, उतरिए."

"हव," सरोजिनीबाई म्हणाल्या आणि बसून राहिल्या.

पुढचा कार्यक्रम ज्योतिषाचा होता आणि चॅनेलकडे स्टेज एकच होतं. ज्योतिषी भैय्यालाल आपलं चौरंगाएवढं टेबल घेऊन स्कूटरच्या पुढ्यात बसले आणि कार्यक्रम सुरू झाला. पहिला फोन आला, "पंडितजी, इन दोनों को स्कूटर कब मिलेगी?" दुसराही तोच. तिसऱ्या बाईनं लग्नाचं विचारलं, तर पंडितजींनी कुंडली उघडायच्या आत मागून सरोजिनीबाईंनी मुलाचा पगार विचारला आणि स्थळ मोडलं. त्यानंतर फोन त्यांनाच यायला लागले. भैय्यालालनी इंद्रजीतला बाजूला बोलावलं आणि सांगितलं, एक तर ही स्कूटर स्टेजवर राहील, नाहीतर मी.

किल्ली आली. स्कूटरमधे पेट्रोल नव्हतं.

"उतरा आई, ढकलावी लागेल."

"मी उतरली का तो घेऊन जाईन."

इंद्रजीत खरंच दाराशी उभा होता. यामिनीनं खाली उतरून स्कूटर ढकलायला सुरुवात केली. तळ्याच्या काठाकाठानं मिरवणूक निघाली. हार घातलेल्या सरोजिनीबाई, घामाघूम सून, आणि मागून पेट्रोलची बाटली शोधायला निघालेला नील.

"उद्या किती वाजता निघायचं?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"मी नऊला. तुम्ही कुठे येताय?"

"स्कूटर माझी हाय," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आता जोर लाव, पुढे चढ हाय."